मोचनिक, फ्लोरियान

नगरपालिकेची चिठ्ठी दोन ओळींची:
नदीकाठच्या रस्त्याची पाटी गंजली, नवी करतोय.
नावाखाली जन्ममृत्यूची सालं आणि कामगिरी हवी,
शुक्रवारपर्यंत कळवा.

इद्रियाच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं
गावच्या नामवंतांची कार्डं सांभाळते.
'म'च्या खणात हात घातला
तर फ्लोरियान मोचनिक चार निघाले.

पहिला पाऱ्याच्या खाणीतला.
अकराव्या थरात पाणी घुसलं तेव्हा
सतरा जणांना शिडीवर चढवून मग स्वतः चढला.
पुढे हात इतके थरथरायचे
की सूप बायको भरवायची,
कागदावर अंगठासुद्धा दोनदा उमटायचा.

दुसरा लेसचे नमुने काढायचा.
बाप्यानं हे काय काम, म्हणून गाव नावं ठेवायचं,
आणि त्याच गावच्या बायका उशीवर टाचण्या टोचून
रात्ररात्र त्याच्या रेघा विणायच्या.
व्हिएन्नात कुणा सरदारणीच्या गळ्याशी तो पोचला,
म्हणजे नमुना पोचला.
नाव इथेच राहिलं.

तिसरा बुद्धिबळवाला. फिरतीवर आलेल्या
एका ग्रँडमास्टरला त्याने एकदा हरवलं.
एकदाच.
बाकी सगळं आयुष्य खिळ्यामोळ्यांच्या दुकानात.

चौथे डॉक्टर. त्यांना मला एकेरी म्हणता येत नाही,
माझा घसा त्यांनी पाहिलाय, चमच्याने, 'आ कर' म्हणत.
खाणकामगारांच्या हातांवर त्यांनी नऊ वह्या लिहिल्या.
त्यांतले एक हात पहिल्या मोचनिकचे.
वहीत नाव नाही, नुसतं 'रुग्ण बेचाळीस'.

मग ठराव शोधला, एकसष्ट सालचा:
'सदर रस्त्यास फ्लोरियान मोचनिक यांचे नाव द्यावे.
एकमताने मंजूर.'
यांचे.
आदरार्थी, की खरंच अनेकवचनी?
हात वर करणारे अकराच्या अकरा जण
आता टेकडीवरच्या दफनभूमीत,
आणि एकमत म्हणजे कुणाचं कुणाबद्दल
हे त्यांनी एकमेकांना तरी विचारलं होतं का.

बातमी फुटलीच.
खाणवाल्याची पणती शिडीचा दांडा घेऊन आली,
टेबलावर ठेवला, बोलली काही नाही.
लेसवाल्याची भाची बोलली, दीड तास.
डॉक्टरांच्या पुतण्याचं पत्र आलं, वकिलाच्या कागदावर.
बुद्धिबळवाल्याकडून कोणीच आलं नाही,
म्हणून मला उगाच त्याची बाजू घ्यावीशी वाटू लागली.

डॉक्टरांचं साल पक्कं करायला चर्चची वही उघडली,
तिथे पाचवा भेटला.
तेच आईबाप, तेच घर, दोन वर्षं आधी.
आठ महिने जगला.
पुढच्या मुलाला तेच नाव घातलं,
थोरल्याचं अंगडं धाकट्याला घालतात तसं.
म्हणजे 'आ कर' म्हणणारे डॉक्टर
जन्मभर भावाचं नाव वापरत होते,
आणि दर नोव्हेंबरात, आईचं बोट धरून,
स्वतःच्याच नावापुढे मेणबत्ती लावत असणार.
ज्याचं नाव त्याला माहीत झालं नाही
त्याची कामगिरी कुठल्या रकान्यात लिहू?
तरी मी पाचवं कार्ड केलं. पेन्सिलीने.

शुक्रवारी कळवलं:
नाव आहे तसं ठेवावं. सालं उपलब्ध नाहीत.
नोकरीतलं माझं पहिलं खोटं, सही-शिक्क्यासकट.

पाटी रंगवणाऱ्या बोगोमिरचा फोन आला:
पत्रा मोठा कापून बसलोय, खाली वीतभर जागा उरते, काय करू?
म्हटलं, राहू दे.

परवा पुलावरून येताना पाहिलं,
त्या कोऱ्या जागेत कोणीतरी खडूने प्यादं काढलंय.
पहिल्या सरीत जाईल.
माझ्या बाहीला खडू कसा लागला
ते विचारू नका.